न मागितलेला रतीब

रतीब ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. दुधाचा रतीब असतो, पेपरचा असतो, वाचनालयाची वर्गणी असते, केबलवाल्याचे महिन्याचे पैसे असतात. या सगळ्यांचा हिशोब आपण बायका किती चोख ठेवतो! मे महिन्यात माहेरी जायचे असले की आदल्या दिवशीच दूधवाल्याला बजावतो, "आठ दिवस दूध नको हं." भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठ तारखांना फुल्या मारून ठेवतो आणि महिनाअखेरीला त्या फुल्यांचे पैसे वजा केल्याशिवाय त्याच्या हातावर नोट ठेवत नाही. तोही बिचारा कुरकुर न करता मान्य करतो, कारण रतीब म्हणजे दोघांच्या संमतीचा व्यवहार. तो दारात येतो, आपण पातेले पुढे करतो. नको असेल त्या दिवशी दारातच सांगतो.

पण मैत्रिणींनो, समजा असा एखादा रतीब तुमच्या घरी सुरू झाला, की जो घालणारा कधी दारात येत नाही, पातेल्यात काही पडत नाही आणि पैसे मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला परस्पर जातात, तर? तुम्ही म्हणाल, असे कसे होईल? होते. घराघरांतून होते. बँकेचे कार्ड आपल्या कपाटात कुलुपात असते आणि पैसे जात राहतात. आमच्या घरी गणपतीपासून होळीपर्यंत असे सात महिने झाले. रक्कम म्हणाल तर महिना २९९ रुपये. सात महिन्यांचे २,०९३. एवढ्याशा रकमेवर लेख काय लिहायचा, असे कुणाला वाटेल. पण गेलेल्या पैशांपेक्षा त्या पैशांनी आमच्या घरात जे केले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

आमच्या घरी सासूबाई, आम्ही दोघे आणि नववीतला मुलगा अशी चार माणसे. मी सकाळी तीन तास एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते आणि बाकी वेळ घरी असते. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ते गेल्यापासून त्यांची पेन्शन सासूबाईंच्या खात्यात जमा होते. पेन्शन मोठी नाही, पण त्यांची हक्काची आहे. नातवाच्या वाढदिवसाला पाकीट, नणंदेला दिवाळीची साडी, देवळातली पावती, स्वतःची औषधे हे सगळे त्या त्यातून करतात. कुणापुढे हात पसरावा लागत नाही, याचे त्यांना फार समाधान. दर महिन्याला स्वतः बँकेत जाऊन यंत्रातून पासबुक छापून आणायचे आणि चष्मा लावून एकेक ओळ वाचायची, हा त्यांचा नेम.

यंदा मार्चमध्ये त्यांचा गुडघा फार दुखायला लागला, म्हणून वर्षअखेरीचे पासबुक छापायला मी गेले. बँकेतच एका बाकावर बसून सहज पान उलटले, तर एका ओळीपाशी पेन्सिलीचे बारीकसे टिंब दिसले. मागच्या महिन्याच्या तशाच ओळीपाशी आणखी एक. असे मागे मागे जात मी सहा टिंबे मोजली. प्रत्येक टिंबासमोर २९९ रुपये खर्ची पडलेले आणि पुढे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ, जिच्यातून काही म्हणता काही अर्थ लागत नव्हता. आणि त्या दिवशी नव्याने छापलेल्या पानावर सातवी तशीच ओळ होती. तिच्यापुढे टिंब पडायचे अजून बाकी होते.

घरी आल्यावर आम्ही दोघी मेथी निवडायला बसलो, तेव्हा मी विचारले, "आई, पासबुकात ही टिंबं कसली?"

त्या काही बोलल्या नाहीत. दोन काड्या निवडल्या, मुळे बाजूला टाकली आणि मग खाली बघतच म्हणाल्या, "असू दे गं. कुणाला लागले असतील."

कुणाला लागले असतील! हे वाक्य मला अजून विसरता येत नाही. म्हणजे सहा महिने या बाईने दर महिन्याला ती ओळ पाहिली होती, तिच्यापुढे टिंब ठेवले होते आणि मनात म्हटले होते, की घरातलेच कुणीतरी घेत असेल. कार्ड कपाटातल्या डबीत असते, हे चौघांनाही ठाऊक. त्याचा पिनही ठाऊक, कारण त्यांना एटीएममधून पैसे कधी मी आणून देते, तर कधी मुलगा. मग बाहेरचा चोर कुठून येणार? हिशोब सरळच होता. आणि थंडीत कधीतरी ते कार्ड डबीतून निघून त्यांच्या ट्रंकेत गेले होते, ते का, हे मला त्या मेथीच्या जुडीसमोर बसून उमगले.

"अहो, पण विचारायचं तरी!" मी म्हटले.

"घरातल्या घरात काय विचारायचं? तीनशे रुपड्यांसाठी कुणाचं तोंड पाडायचं? विचारलं असतं तर तुला वाटलं असतं तुझ्यावरच घेतेय."

खरे सांगू? मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी आपल्यापैकी कितीजणींनी विचारले असते? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेले. पैशाची गोष्ट काढली की माणसे दुरावतात, म्हणून बाई गप्प बसते आणि पेन्सिलीने टिंब करते.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. त्यांना सगळे कळल्यावर त्यांनी पहिली हाक मारली ती मुलाला. "मोबाइलवरच्या खेळांसाठी आजीचं कार्ड वापरलंस का? खरं सांग." पोराचा चेहरा एवढासा झाला. तो "नाही" म्हणाला, पण ज्या घरात एकदा असा प्रश्न विचारला गेला, तिथे "नाही" या शब्दाला वजन राहत नाही. तो जेवला नाही. सासूबाईही जेवल्या नाहीत. मी एवढेच म्हटले, "आधी बँकेत विचारू. घरात मग विचारू."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सासूबाईंना रिक्षाने बँकेत घेऊन गेले. खिडकीतल्या मुलीने खाते उघडले आणि एका मिनिटात सांगितले, "आजी, हे कुणी काढलेले पैसे नाहीत. हे आपोआप कापले जातात. कार्डावर ई-मँडेट आहे." म्हणजे ठरल्या मुदतीने पैसे कापून घ्यायला दिलेली कायमची मंजुरी. तिने त्या अक्षरांच्या माळेमागचे खरे नाव वाचून दाखवले आणि मंजुरीची तारीख सांगितली. श्रावणातली तारीख होती ती.

मग सगळी साखळी जुळली. श्रावणात नणंद आणि तिची मुलगी राहायला आल्या होत्या. सासूबाईंना भजने आणि पंचांग ऐकवणारे एक ॲप भाचीने मोबाइलवर घालून दिले होते. "आजी, सात दिवस फक्त एक रुपया." एक रुपया भरायला कार्डाचा नंबर घातला. ओटीपी गेला ह्यांच्या मोबाइलवर, कारण खात्याला नंबर ह्यांचा. फोनवर विचारल्यावर ह्यांनी ऑफिसातून सांगितला. एका रुपयाला कोण चौकशी करतो? सासूबाईंनी दोन दिवस ऐकले. मध्ये मध्ये जाहिरातीच फार लागतात म्हणून त्या कंटाळल्या आणि भाचीने जाताना ते ॲप काढूनही टाकले. गोष्ट संपली, असे सगळ्यांनाच वाटले.

पण ॲप काढून टाकले म्हणजे रतीब बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. आपण घराला कुलूप लावून गावाला गेलो, तरी सांगितल्याशिवाय दूधवाला हिशोब थांबवत नाही, तसेच हे. मोबाइलवरचे चित्र पुसले जाते. बँकेतली मंजुरी तशीच जिवंत राहते. आणि ती मंजुरी देताना पडद्यावर "एक रुपया" हे मोठ्या, रंगीत अक्षरांत असते आणि सात दिवसांनंतर दरमहा किती, जास्तीत जास्त किती आणि केव्हापर्यंत, हे बारीक करड्या अक्षरांत खाली असते. वाण्याने पुडीवर खरी किंमत इतक्या बारीक अक्षरांत लिहिली असती, तर आपण त्याला भर बाजारात जाब विचारला असता.

या प्रकाराला सरकारनेही आता नाव दिले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. त्यात "सबस्क्रिप्शन ट्रॅप", म्हणजे वर्गणीचा सापळा, हा एक प्रकार आहे. वर्गणी बंद करण्याची वाट लपवून ठेवणे, ती मुद्दाम किचकट करणे किंवा फुकट म्हणून देताना आपोआप पैसे कापण्याची मंजुरी घ्यायला लावणे, हे सगळे त्यात मोडते. तेव्हा आपण फसलो तर आपणच बावळट, असे मानायचे कारण नाही. सापळा लावणारा कुणीतरी असतो.

आता बँकेने काय करायचे, तेही ऐका. कार्डावरून असे ठरावीक मुदतीने पैसे जाण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ साली नियम घातले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते सक्तीने लागू झाले. त्यांतले आपल्या कामाचे असे: पहिल्या वेळी ओटीपीने मंजुरी घ्यावी लागते. त्यानंतर दर वेळी पैसे कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी खातेदाराला निरोप पाठवावा लागतो. त्यात कोण, किती आणि कधी कापणार ते लिहावे लागते आणि ते थांबवण्याची सोयही द्यावी लागते. पैसे गेल्यावर पुन्हा एक निरोप. दिलेली मंजुरी खातेदाराला केव्हाही मागे घेता येते आणि या सोयीबद्दल बँकेला खातेदाराकडून पैसे घेता येत नाहीत. मात्र पहिल्या मंजुरीनंतर ठरावीक रकमेपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा २०२२ साली पंधरा हजार रुपये झाली. २९९ रुपये त्यातून सुळकन निघून जातात, ते असे.

म्हणजे निरोप आले होते तर! दर महिन्याला, आदल्या दिवशी, बिनचूक. ह्यांनी त्या रात्री मोबाइल काढून मागचे निरोप शोधले, तर सातही सापडले. विजेचे बिल, गॅसचा नंबर, साड्यांचा सेल, कर्ज घ्या, प्लॉट घ्या, या शेकडो निरोपांच्या गर्दीत ते सात निमूट बसलेले होते. पैसे आईचे, निरोप मुलाच्या खिशात. मुलगा कामात, आई अंधारात. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाशी जाऊन बसले. दोघांत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने दोघेही जेवायला आले, एवढे मात्र खरे.

आता पैशांचे काय झाले ते सांगते. मंजुरी त्याच दिवशी बँकेतून बंद झाली. पण मागचे पैसे परत मागितले, तेव्हा अधिकारी म्हणाले, "ओटीपी तुमच्याच घरून दिला गेला आहे. मग हा व्यवहार तुमच्या परवानगीशिवाय झाला असं कसं म्हणता?" त्यांचे अगदीच चूक होते असे नाही. मी म्हटले, "साहेब, आम्ही होकार दिला तो एका रुपयाला. दोनशे नव्याण्णव रुपये आम्हाला कुणी मोठ्या अक्षरात विचारलेच नाहीत." त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि पोच दिली. मग त्या कंपनीला मेल केला. तिचे उत्तर आले नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतूनही बोलता येते. तीन आठवड्यांनी कंपनीने शेवटच्या तीन महिन्यांचे ८९७ रुपये परत केले. उरलेले १,१९६ आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ देत. ज्याचे होते त्याच्याकडून निम्मे आले. पण घरातलं कुणी नव्हतं ना, मग झालं तर."

आणि त्यांनी कार्ड ट्रंकेतून काढून परत डबीत ठेवले.

मैत्रिणींनो, हा झाला आमचा अनुभव. पण सगळे प्रकार असेच असतात असे नाही, म्हणून एक फरक समजून घ्या. आमच्या बाबतीत ओटीपी दिलेला होता. काही वेळा तर ओटीपीही मागितला जात नाही. आपल्याकडच्या दुकानांत ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी लागतो, पण परदेशातल्या अनेक ठिकाणी नुसता कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काम भागते. हे तपशील चोराच्या हाती लागले, की तो तिकडे कुठलीशी वर्गणी आपल्या कार्डावर सुरू करतो. ही सरळ सरळ चोरी, आणि तिला नियमही वेगळा.

तो नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिला. त्याचा गाभा असा, की चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमचे काहीच नुकसान नाही. तुम्ही कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. चार ते सात दिवसांत कळवले, तर नुकसानीचा काही भाग तुमच्यावर येतो. साध्या बचत खात्याला त्याची मर्यादा दहा हजार रुपये ठरली, पण ती मर्यादा किंवा गेलेली रक्कम यांत जे कमी असेल ते. आता गंमत बघा. रक्कमच २९९ असेल, तर चौथ्या दिवशी सगळेच्या सगळे २९९ तुमच्या अंगावर! लाखाच्या चोरीत चार दिवसांनीही बरेच वाचते, लहान रकमेत मात्र तीन दिवसांतच काय वाचेल ते. आणि आपण नेमके लहान रकमेच्या बाबतीतच "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतो. ओटीपी किंवा पिन आपणच कुणाला सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कुठल्याही बाजूने पाहा, लवकर कळवण्यात हित आहे.

प्रत्यक्ष काय करायचे, ते क्रमाने सांगते. कात्रण काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलेत तरी चालेल.

पहिले म्हणजे, न कळणारी ओळ दिसली की त्याच दिवशी बँकेला विचारा, "ही कुणाची?" पासबुकात दुकानाचे खरे नाव नसते, मधल्या कंपनीचे आडनाव असते. बँकेकडून पूर्ण नाव मिळते.

दुसरे, व्यवहार तुमच्या संमतीचा नसेलच तर बँकेच्या मदत-नंबरवर फोन करून कार्ड ताबडतोब बंद करा. हा नंबर कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो. पण कार्डच हरवले तर तो कुठून मिळणार? म्हणून आजच वहीत उतरवून ठेवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तारीख, वेळ लिहून ठेवा. चोरीच असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवरही कळवा.

तिसरे, वर्गणी असेल तर ती दोन्हीकडून बंद करा. एक, ज्याने सुरू केली त्याच्याकडून. दुसरे, बँकेतली मंजुरी. बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा नावाखाली चालू मंजुऱ्यांची यादी मिळते. मोबाइलवरून पैसे देण्याच्या यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" नावाचे पान असते. मोबाइलच्या ॲप-दुकानातही वर्गण्यांची यादी असते. ही तिन्ही पाने एकदा उघडून पाहाच. एखादा जुना रतीब तिथे निवांत चालू असलेला सापडेल.

चौथे, तक्रार तोंडी ठेवू नका. लिहून द्या, पोच घ्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ साली त्यासाठी एकच एकत्रित योजना झाली. तिथे तक्रारीला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

पाचवे, कार्डाला लगाम घाला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना सांगितले, की ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार हे सगळे ग्राहकाला हवे तेव्हा चालू-बंद करता आले पाहिजे आणि रकमेची मर्यादाही घालता आली पाहिजे. ज्या आजीला परदेशातून काही मागवायचे नाही, तिच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू ठेवायचे कशाला? आपण रात्री गॅसची कळ बंद करतोच की, तशीच ही कळ. आम्ही सासूबाईंच्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी दोन्ही बंद करून टाकले.

आणि सहावे, जे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. बँकेतल्या खात्याला मोबाइल नंबर कुणाचा आहे, ते पाहा.

मी शाळेत आमच्या खोलीत हा विषय काढला. आम्ही सात जणी होतो. प्रत्येकीचे स्वतःचे खाते, स्वतःचा पगार. पण चौघींच्या खात्याला नंबर नवऱ्याचा होता. कुणाचे खाते लग्नानंतर लगेच उघडलेले, तेव्हा घरात एकच मोबाइल होता. कुणाचा अर्ज नवऱ्यानेच भरलेला. कुणी म्हणाली, "बरंच आहे की, त्यांचं लक्ष राहतं." लक्ष राहते हो, पण आपले राहत नाही त्याचे काय? तीन दिवसांचे ते घड्याळ निरोप पोचल्यापासून चालू होते. निरोप ज्या खिशात पोचतो, तो खिसा कामाच्या गडबडीत असतो. यात नवऱ्यावर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. आपल्या पातेल्यात दूध आले की नाही, हे आपण बघायला नको का?

नंबर बदलणे अवघड नाही. शाखेत एक अर्ज आणि ओळखपत्र लागते. आम्ही सासूबाईंच्या खात्याला त्यांचाच साधा मोबाइल जोडून दिला. त्याची अक्षरे मोठी केली. आता टुंग वाजले की त्या चष्मा शोधतात. पहिल्या आठवड्यात पेन्शन जमा झाल्याचा निरोप आला, तेव्हा स्वयंपाकघरात येऊन त्यांनी तो मला वाचून दाखवला. नातवाकडून त्या निरोप कसा वाचायचा ते शिकल्या. कोणता खरा आणि कोणता फसवा, यावर आजी-नातवाचे वाद चालतात. त्या म्हणतात, "ज्यात घाई कर म्हणून सांगितलेलं असतं, तो लबाड." मला तरी ही व्याख्या फारशी चुकीची वाटत नाही.

घरात वडीलधारी माणसे असतील, तर एक काम आज संध्याकाळी करा. चहा झाला की त्यांचे पासबुक घेऊन त्यांच्याजवळ बसा. हिशोब तपासायला नव्हे. फक्त एवढेच विचारा, "आई, यातलं तुम्हाला न कळलेलं काही आहे का?" आणि त्या "असू दे" म्हणाल्या, तर तिथे सोडून देऊ नका. आणखी एकदा विचारा. आणि हा प्रश्न मुलासमोर, नवऱ्यासमोर, सगळ्यांसमोर विचारा. पासबुकातली न कळणारी ओळ हा बँकेला विचारायचा प्रश्न आहे, घरातल्या कुणावर ठेवायचा आळ नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाच्या कानावर पडू दे.